दीड रुपयाचे देणे

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी लोक नव्या वह्या उघडतात. जुन्या खात्यांवर रेघ मारली जाते, येणे-देणे पुढे ओढले जाते, आणि कोऱ्या पानावर ‘श्री’ काढून वर्षाला आरंभ होतो. आम्ही व्यापारी नव्हे. मी शाळामास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. म्हणजे देणे-घेणे दोन्ही बेताचेच. पण आमच्या घराण्यात एक जुने खाते अद्याप मिटलेले नाही. रक्कम मोठी नाही. दीड रुपया. आणि धनको आहे पोलंड देशातली एक बाई.

वाचकहो, ही थट्टा नव्हे. नरसोबाच्या वाडीसारख्या क्षेत्रात राहणाऱ्या माणसाचा पोलंडशी संबंध यावा कसा, असे तुम्हांला वाटेल. त्याचे उत्तर आमच्या घाटासमोरूनच वाहते. वाडीला येणारे यात्रेकरू संगमावर स्नान करतात, औदुंबराखालच्या पादुकांचे दर्शन घेतात, बासुंदी खातात, पेढ्यांचे पुडे बांधून घेतात आणि एस.टी. गाठतात. कृष्णा कोठून आली हे त्यांना ठाऊक असते. पंचगंगेची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. ती प्रयाग चिखलीहून निघते, कोल्हापूरला वळसा घालते, आणि तेथून थोडे खाली वळिवडे गावाजवळून पुढे इचलकरंजीवरून आमच्याकडे येते. त्या वळिवड्याच्या माळावर, याच नदीच्या आश्रयाने, १९४३ पासून १९४८ पर्यंत पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत पुरुष थोडे. बहुतेक बाया, मुले आणि म्हातारी माणसे.

माझे आजोळ रुकडीचे. वळिवडे तेथून हाकेच्या अंतरावर. माझा आज्जा मल्हारी, घरच्यांचा मल्लू, तेव्हा बारा-तेरा वर्षांचा पोर होता. घरची म्हैस होती. पहाटे धार काढून, पितळी चरवी डोक्यावर घेऊन तो कॅम्पात दूध घालायला जाई. ‘कॅम्प’ हा शब्द आमच्या आजोळी अजूनही मराठीच समजला जातो.

आज्जा म्हणे, “लेका, गोऱ्या बाया म्हंजे सायबिणी, आसं आमाला वाटायचं. पर ह्या बाया कपडं सोता धुयाच्या, पानी सोता आनायच्या. आन् रडायच्या बी आमच्या बायांगतच, पदर न्हवता एवडंच.”

त्या बायांपैकी एक दररोज अर्धा शेर दूध घेई. तिला दोन मुली. भिंतीवर एका शिपायाचा फोटो. तो नवरा की भाऊ, हे आज्जाला कधी कळले नाही. ती विणकाम उत्तम करी. आज्जाची धाकटी बहीण तेव्हा छातीच्या विकाराने हैराण होती. थंडी पडली की तिचा श्वास वाजे. आज्जाने खुणांनी विचारले, बाईने खुणांनी हिशेब सांगितला, आणि तीन रुपयांत एक लोकरीचा स्वेटर ठरला. गडद निळा, गळ्याशी पांढरी नक्षी. आज्जाने दीड रुपया दिला. उरलेला दीड पुढच्या महिन्याच्या दुधातून वळता करून घ्यावा, असे ठरले. पण त्याच सुमारास तो हिवतापाने आजारी पडला, तो महिनाभर उठला नाही. उठून कॅम्पात गेला, तो त्या खोलीला कडी होती. आतली माणसे आगगाडीने गेली होती. हे साल १९४७, पावसाळ्याच्या आधीचे.

आज्जा २००३ साली वारला. शेवटच्या आजारपणात त्याने शेतीची, भाऊबंदकीची, सोसायटीच्या कर्जाची सगळी निरवानिरव केली, आणि मग आईला म्हणाला, “त्या बाईचं दीड रुपाय तेवडं ऱ्हायलं बघ.” आई म्हणाली, “दादा, वाडीला दत्ताच्या पेटीत टाकू आपण.” आज्जाने मान हलवली. “देव कशाला घील? त्येचं न्हाईत ते.”

ही माणसे येथवर आली कशी, हे मला पुष्कळ वर्षे नीट ठाऊक नव्हते. लहानपणी आम्ही समजत होतो, की हिटलरने त्यांना हाकलले असावे. खरी हकीकत अधिक विलक्षण आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली; १७ सप्टेंबरला रशियाने पूर्वेकडून केली. दोन वाघांनी एक हरिण वाटून घ्यावे तसा तो देश वाटला गेला. पूर्व पोलंडमधल्या लक्षावधी लोकांना रशियनांनी घरांतून उठवून मालगाड्यांत कोंडले आणि सैबेरिया, कझाकस्तान, आर्खांगेल्स्क अशा दूरच्या मुलुखांत नेऊन सोडले. पहिली मोठी हद्दपारी १० फेब्रुवारी १९४० ची, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातली. जंगलात लाकूडतोड, अंगावर अपुरे कपडे, पोटात अर्धी भाकर. किती माणसे वाटेत आणि तेथे गेली, त्याचे आकडे विद्वान लोक अजून जुळवीत आहेत.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि पट फिरला. कालचा शत्रू आता दोस्त ठरला. लंडनमधल्या पोलिश सरकारचा व रशियाचा करार झाला, कैद्यांना मोकळीक मिळाली, आणि जनरल आंदर्स यांनी त्या हाडांच्या सापळ्यांतून एक फौज उभी केली. १९४२ साली ही फौज व तिच्यामागची कुटुंबे, मिळून लाखाहून अधिक माणसे, कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. फौज लढायला गेली. बायकामुलांना ठेवायचे कोठे? कोणी आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत. आणि काही हजार हिंदुस्थानात आले.

हिंदुस्थानात पहिला आधार दिला तो नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. क्रिकेटपटू रणजींचे हे पुतणे. १९४२ साली त्यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांची वसाहत वसविली आणि त्यांना बापाची माया लावली. आज वॉर्सा शहरात त्यांच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे. पुढच्या वर्षी मोठ्या माणसांसाठी जागा हवी झाली, तेव्हा हवा समशीतोष्ण, नदी जवळ आणि आगगाडीची सोय असलेले वळिवडे निवडले गेले. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अज्ञान राजपुत्र होता व रीजन्सीचा कारभार चालू होता. खर्च लंडनचे पोलिश सरकार सोशी. मुंबईच्या पोलिश वकिलातीतील कॉन्सल जनरलच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी या कामी अपार कष्ट घेतले. क्षयाची शंका असलेल्यांसाठी पाचगणीला व्यवस्था झाली.

आणि काळ कोणता, तेही ध्यानात घ्या. १९४३. तिकडे बंगालात लोक भुकेने रस्त्यावर मरत होते. इकडे शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे पत्री सरकार उभे राहत होते. रेशनच्या रांगा होत्या, रॉकेल मिळत नव्हते. ज्या हिंदी माणसाला स्वतःच्या देशात मोकळेपणी बोलता येत नव्हते, त्याच्या अंगणात परक्या देशाचे पाच हजार निर्वासित येऊन उतरले. माळावर कौलारू छपरांच्या, बांबूच्या तट्ट्यांच्या लांबच लांब चाळी उठल्या. बालवाडीपासून वरच्या वर्गापर्यंत पोलिश शाळा निघाल्या. चर्च आले, इस्पितळ आले, नाटके होऊ लागली, स्काउटांची पथके कवायत करू लागली. उन्हाळ्यात त्यांची पोरे पंचगंगेत डुंबत. तेच पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या वाडीच्या पादुकांजवळून जात असेल!

हे सारे पुस्तकी झाले. मी प्रत्यक्ष वळिवड्याला गेलो, त्याला निमित्त घडले पुराचे.

वाडीकरांना पूर नवा नाही. देवाच्या पादुकांवरून पाणी गेले की आम्ही त्याला ‘दक्षिणद्वार’ म्हणतो आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक धावतात. पण २०१९ च्या ऑगस्टातला पूर सोहळ्याचा नव्हता. घर सोडून, मिळेल त्या वाहनाने आम्ही निघालो आणि एका गावच्या शाळेत आठ दिवस राहिलो. जन्मभर वर्गात शिकविलेला माणूस मी. वर्गात झोपण्याची पाळी प्रथमच आली. फळ्यावर कोणाच्या तरी हातची बेरीज तशीच होती. रोज संध्याकाळी त्या गावची एक म्हातारी टोपलीभर भाकऱ्या घेऊन येई, आमच्यापुढे ठेवी आणि “जेवा बाबांनो” म्हणून निघून जाई. आठ दिवस आम्ही तिच्या हातचे खाल्ले. परत आल्यावर, घरातला चिखल उपसताना मला एकदम आठवले, की तिचे नाव मी विचारलेच नाही.

आईची पत्र्याची ट्रंक तीन दिवस पाण्याखाली होती. तिच्यात तो निळा स्वेटर होता. आज्जाच्या बहिणीने वापरलेला, मग आईने, मग माझ्या थोरल्या भावाने. उन्हात वाळत घातला तेव्हा लोकर हातात सुटून आली. आई काही बोलली नाही. पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रात वाचले, की वळिवड्याला वाढलेली पोलिश माणसे, आता ऐंशी-नव्वदीच्या घरातली, कोल्हापूरला आली आहेत आणि वळिवड्यात स्मारक झाले आहे. आम्ही तेव्हा शाळेच्या भिंतींवरचा गाळ खरवडत होतो. मला जाता आले नाही. ती चुटपुट अजून आहे. कारण आज्जाच्या धनकोची एखादी मुलगी त्या घोळक्यात असणे अशक्य नव्हते.

मी गेलो तो मार्गशीर्षातल्या एका रविवारी. वळिवड्याचे स्टेशन लहानसेच आहे. ज्या माळावर कॅम्प होता, तेथे आता गांधीनगर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या लग्नसराईचे कापड कोठून येते, असे कोणत्याही गृहिणीला विचारा. ती गांधीनगरचे नाव घेईल. १९४८ साली पोलिश लोक गेले आणि त्यांच्या रिकाम्या चाळींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले. एका दुर्दैवी जमावाने अंथरूण आवरले आणि दुसऱ्याने तेथेच पसरले.

एका दुकानात मी आईसाठी शाल घेतली आणि गल्ल्यावरच्या वृद्ध शेठजींना विचारले, “जुन्या कॅम्पातले काही शिल्लक आहे काय?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “मास्तर, तुम्ही इतिहासाचे दिसता.” मग उठून, गल्ला नातवाच्या हवाली करून, ते मला मागल्या गल्लीत घेऊन गेले. काँक्रीटच्या दोन इमारतींच्या मध्ये एक बुटकी कौलारू ओळ दडून उभी होती. “ह्यातच आमच्या घरचे राहिले. मी पाच वर्षांचा होतो. आई सांगायची, आत आलो तेव्हा चूल सारवलेली होती. जाणाऱ्या बाईने सारवून ठेवली असावी. आई सिंधमधून भरलेले घर सोडून आली होती. ती म्हणायची, तो चुलीचा थर बघून मी पहिल्यांदा रडले.”

चूल सारवणारी बाई पोलिश होती की तिच्या हाताखालची कोणी गाववाली, ते आता कोण सांगणार? मी त्या ओळीपुढे थोडा वेळ उभा राहिलो. आज्जाची खोली यांपैकीच एखादी असेल, अशी मनाची समजूत करून घेतली.

तेथून कोल्हापुरात आलो. महावीर उद्यानात या लोकांच्या आठवणीसाठी उभारलेला स्तंभ आहे. बागेत पोरे खेळत होती, भेळवाल्याच्या भोवती गर्दी होती. स्तंभाकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. मग ख्रिस्ती दफनभूमीत गेलो. तेथे पोलिश कबरींच्या ओळी आहेत. सैबेरियाच्या बर्फातून वाचलेली, इराणचे वाळवंट ओलांडलेली ही माणसे पंचगंगेच्या काठी येऊन विसावली. त्यांत म्हातारी आहेत, तशी लहानही आहेत. मी नावे वाचू लागलो, आणि तेथेच माझी फजिती झाली. कोणते नाव शोधायचे? आज्जाने ते कधीच सांगितले नव्हते.

राखणदाराला मी विचारले, “येथे काही पैसे द्यायचे असले तर कोठे देतात?”

तो म्हणाला, “पैशाचं काय करताय गुरुजी? गवात वाढलंय, ते काढा की थोडं.”

मग मी धोतराचा नसला तरी पँटचा काचा मारून दोन तास गवत काढले. चार मेणबत्त्या आणल्या होत्या, त्या लावल्या. वाऱ्याने तीन विझल्या.

त्या बायांची पुरुषमाणसे तेव्हा कोठे होती, हेही येथे सांगितले पाहिजे. पुष्कळजण इटलीत होते. माँटे कॅसिनोच्या डोंगरावर जर्मनांनी ठाण मांडले होते. १९४४ च्या आरंभी आपली चौथी हिंदी डिव्हिजन त्या डोंगरावर झुंजली व रक्तबंबाळ होऊन मागे आली. अखेर १८ मे रोजी पोलिश शिपायांनी ते ठाणे घेतले. त्याच इटलीत, त्याच वर्षीच्या जुलैत, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे जिंकून देह ठेवला व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; पुढल्या एप्रिलात शिपाई नामदेव जाधव यांनी तोच मान जिवंतपणी मिळविला. म्हणजे कोकणातली आणि देशावरची आमची पोरे जेथे लढत होती, तेथेच वळिवड्याच्या बायांचे नवरे लढत होते. वॉर्सा शहरात माँटे कॅसिनोच्या स्मारकाजवळच कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टात भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली, तेव्हा ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी प्रथमच ऐकली.

या लढाईचे फळ मात्र त्यांना मिळाले नाही. युद्ध संपले, आणि त्यांची गावे रशियाच्या हद्दीत गेली. १९४५ च्या जुलैत इंग्लंडने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. जिंकलेल्या पक्षातली माणसे बेघर राहिली. १९४६ साली बालाचडीची मुलेही वळिवड्याला आली. मग कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, काही थोडे पोलंडला, असे सारे पांगले. एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले, ती मात्र येथलीच झाली.

परत येऊन मी शाळेत मुलांना हे सांगितले. एका मुलाने विचारले, “सर, हे लोक ज्यू होते काय? पोलंडमध्ये तर ज्यूंना मारले ना?”

प्रश्न बरोबर होता. वळिवड्याचे बहुतेक लोक रोमन कॅथलिक होते. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे तेहतीस लाख ज्यू राहत. त्यांतले सुमारे तीस लाख मारले गेले. आउश्विट्झ, ट्रेब्लिंका ही नावे त्याच भूमीवरची. सैबेरियाला ज्यांना रशियनांनी हाकलले, त्यांत ज्यूही होते. आणि नियतीची करणी अशी, की ती काळ्या पाण्याची शिक्षाच त्यांना वाचविणारी ठरली. मागे घरी राहिलेले नाहीसे झाले. हद्दपारीतून इराणात पोचलेल्या शेकडो ज्यू मुलांना, बहुतेक अनाथच, १९४३ च्या आरंभी बोटीने कराचीला आणले आणि तेथून सुएझमार्गे पॅलेस्टाइनला नेले. इराकने वाट दिली नाही म्हणून हा समुद्राचा वळसा.

आपल्या मराठी मुलखात ज्यू नवे नाहीत. शाळेची सहल घेऊन मी अलिबागला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून नवगावला गेलो. तेथे गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांची आठवण सांगणारे स्मारक आहे; तीच बेने इस्राएल समाजाची मूळ कथा. तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बैल सोडून ठेवीत, म्हणून कोकणी शेजाऱ्यांनी त्यांचे नाव ठेवले ‘शनवार तेली’. किहीमकर, राजपूरकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यांच्या बायका हिरवा चुडा भरीत, नवसाला मलिदा करीत. शतकानुशतके कोणी त्यांच्या दाराशी पेटता पलिता घेऊन गेले नाही, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली एक शांत पण मोलाची गोष्ट आहे.

पण आपल्याच भूमीवर त्या युद्धात एक अन्यायही झाला. हिटलरच्या तावडीतून सुटून हिंदुस्थानात आलेल्या जर्मन ज्यूंना इंग्रज सरकारने, पासपोर्ट जर्मन म्हणून, शत्रूचे नागरिक ठरविले. त्यांतल्या कित्येकांना पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यास नजरकैदेत राहावे लागले. ज्या पुरंदरावर मुरारबाजी पडला आणि संभाजीराजे जन्मले, तेथे ही माणसे आपला अपराध काय म्हणून विचारीत बसली असतील.

आणि एक नाव मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : मॉरिस फ्रीडमन. वॉर्साचे ज्यू, धंद्याने इंजिनियर. बंगलोरच्या कारखान्यात आले, तेथून गांधीजींकडे ओढले गेले, आणि भगवी वस्त्रे घालून भारतानंद झाले. १९३९ साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, त्या राज्यघटनेच्या कामात यांचा मोठा वाटा होता. आटपाडीजवळ कैद्यांना भिंतीवाचून, पहाऱ्यावाचून ठेवणारी स्वतंत्रपूरची वसाहत निघाली, तिच्यामागेही हेच होते. त्या वसाहतीवरूनच कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. कथा माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांची. पुढल्या वर्षी त्या चित्रपटाला बर्लिनमध्ये पारितोषिक मिळाले. उतारवयात फ्रीडमन मुंबईला निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसले आणि महाराजांचे मराठी बोल त्यांनी इंग्रजीत नेऊन जगभर पोचविले. १९७६ साली ते मुंबईतच गेले. त्यांच्यासह काम करणाऱ्या पोलिश विदुषी वांदा दिनोव्स्का वळिवड्याच्या मुलांना हिंदुस्थानची ओळख करून देत.

मुले हे सारे लक्ष देऊन ऐकत होती. ते वर्ष स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे, २०२२. मी त्यांना एक उदाहरण घातले : १९४७ साली दीड रुपया देणे राहिले, दरसाल दर शेकडा सहा दराने पंचाहत्तर वर्षांनी किती? सरळव्याजाने उत्तर आले सव्वाआठ रुपये. हुशार मुलांनी चक्रवाढ लावले. ते एकशे अठरा रुपयांवर गेले. “सर, देणार कोणाला?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी आज्जाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हटले, “बाईचे नाव आम्हांला ठाऊक नाही. पण तिला आज्जाचे ठाऊक होते. तो दारात गेला की ती आतूनच हाक मारी, ‘म्लेको!’ आज्जाचे नाव मल्लू. तिच्या तोंडी ते असे वळे. ‘आईच्या खालोखाल तिनंच मला लाडानं हाक मारली,’ असे तो म्हणे.”

मागल्या बाकावरच्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी घरच्या मोबाईलवर शोधून आणले. वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी घुटमळली. मग हळूच म्हणाली, “सर, सांगू का? पोलिश भाषेत ‘म्लेको’ म्हणजे दूध.”

मी हसलो. ती गेल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. चार वर्षे रोज पहाटे तो तिच्या दारी गेला. तिने त्याला दूध म्हणून हाक मारली, त्याने ती आपले नाव म्हणून ऐकली, आणि दोघांचे ठीक चालले. तो तिला नुसते ‘बाई’ म्हणे. तिच्या मुलींची नावे त्यालाही आठवत नव्हती.

त्या पावसाळ्यानंतर मी एस.टी.ने त्या गावी गेलो, जेथे आम्ही पुरात आठ दिवस काढले होते. शाळेत विचारले, तेव्हा कळले की भाकऱ्यांची टोपली आणणारी म्हातारी आता अंथरुणाला खिळली आहे. घरी गेलो. वाडीचे पेढे तिच्या उशाशी ठेवले. तिने मला ओळखले नाही. पुरात इतकी माणसे आली, ती कोणाकोणाला ओळखणार? पण मी तिचे नाव विचारले, आणि माझे सांगितले.

दीड रुपयाचे खाते अजून उघडेच आहे. वर्षातून एकदा मी मुलांना घेऊन त्या दफनभूमीत जातो आणि आम्ही गवत काढतो. आई दरवेळी विचारते, “त्या बाईंचं काही कळलं का रे?” मी नाही म्हणतो. ‘म्लेको’चा अर्थ मात्र मी तिला अजून सांगितलेला नाही.